उंदरांच्या खोलीतला दसरा

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी "उंदरांचं वागणं तपासते" असं सांगते. लोक आधी हसतात आणि मग हळूच पाय वर घेऊन बसतात, जणू दोन-चार उंदीर मी पर्समध्ये घालूनच आणलेत. नाशिकची माझी आत्या चारचौघांत सांगते, "ती कतारला मोठ्या दवाखान्यात असते." एम.एस्सी. झालेल्या भाचीने परदेशी जाऊन उंदरांची उठाठेव करावी, हे तिला अजून पचलेलं नाही. माझ्या नवऱ्याला पचलंय, पण तो त्याचा फायदा घेतो. घरात झुरळ दिसलं तरी बसल्या जागेवरून म्हणतो, "तुमच्या खात्यातलं आहे, बघा जरा."

काम तसं सोपं आणि बरंचसं कंटाळवाणं. दोह्यातल्या एका संशोधन संस्थेत मी आहे. काही मुलं बोलायला लागत नाहीत, नजर देत नाहीत, काहींना फिट येतात, काहींना शिकणं जड जातं. अशा मुलांच्या रक्तातून आमच्याकडचे लोक जनुकांमधले बदल शोधतात. बदल सापडला तरी काम संपत नाही, कारण किरकोळ बदल तुमच्याआमच्यातही ढीगभर असतात. हाच गुन्हेगार, की बिचारा नुसता तिथून चालला होता, हे ठरवायचं राहतं. मग तोच बदल असलेले उंदीर तयार करतात आणि ते कसे वागतात ते बघतात. बघणारी मी.

बघायची एक पद्धत अशी. एक लांबट पारदर्शक खोका, त्यात तीन खोल्या. एका टोकाच्या खोलीत तारेची उपडी टोपली आणि तिच्याखाली एक अनोळखी उंदीर, म्हणजे पाहुणा. दुसऱ्या टोकाला तशीच टोपली, पण रिकामी. मधल्या खोलीत आपला उंदीर सोडायचा आणि दहा मिनिटं बघायचं, तो कुठे रमतो. साधा उंदीर पाहुण्याकडे धावतो, हुंगतो, चौकशा करतो, आमच्या कॉलनीतल्या बायकांसारखाच. ज्याच्या मेंदूची जडणघडण वेगळी झाली तो बऱ्याचदा पाहुण्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझा नवराही बघत नाही, पण त्याच्यावर अजून कुणी संशोधन केलेलं नाही. कोणता उंदीर कोणत्या गटातला हे मला मुद्दाम सांगत नाहीत, पिंजऱ्यावर फक्त आकडा असतो. ही बाई मनातल्या मनात पक्षपात करील अशी विज्ञानाला शंका आहे, आणि ती किती रास्त आहे ते पुढे दिसेलच.

आम्ही राहतो अल खोरला, कारण नवरा गॅस प्लांटवर. तो पहाटे कंपनीच्या बसने उत्तरेला जातो आणि मी गाडी काढून दक्षिणेला दोह्याला. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरात लातूरकडचं एक कुटुंब राहायला आलं. नवरा त्याच प्लांटवर, शिफ्टमध्ये. बायको माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. आणि एक लेक, तेव्हा पाच वर्षांची. लेक बोलायची नाही, पण तिची मतं पक्की होती. तिला जे हवं असेल तिथे ती तुमचा हात धरून ओढत न्यायची आणि हात त्या वस्तूवर ठेवायची. माझा हात तिने पहिल्याच भेटीत आमच्या वॉशिंग मशीनच्या बटणावर ठेवला. मशीन रिकामं होतं. तरी लावलं. आम्ही दोघी फरशीवर बसून अर्धा तास बघत होतो, आणि खरं सांगते, दोह्यात मी याहून कंटाळवाण्या मीटिंगा पाहिल्या आहेत.

पुढच्या वर्षी त्या तिघांचंही रक्त तपासलं. लेकीच्या एका जनुकात बदल निघाला. तो आईत नव्हता, बापात नव्हता, लेकीतच नव्याने झालेला होता. पण याच बदलामुळे ती बोलत नाही का, हे डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येईना. ते म्हणाले, अजून नक्की नाही, तोच बदल असलेले उंदीर तयार करून बघतायत, तोवर थांबा. आता दोह्यात असे उंदीर बघणारी माणसं ती कितीशी! दुसऱ्याच दिवशी शेजारणीने मला गाडीपाशी गाठलं.

"ताई, आमच्या लेकीची उंदरं तुमच्याकडंच हैत का?"

"अगं, मला ते सांगता येत नाही. नियम आहे."

"म्हणजे हैत," ती म्हणाली आणि खूश होऊन घरात गेली.

तेव्हापासून दर गुरुवारी, म्हणजे इथला आठवडा संपतो त्या संध्याकाळी, मी घरी आले की कुंपणापलीकडून प्रश्न यायचा, "काय म्हणायलीत ताई, तुमची उंदरं?" मी म्हणायची, "खाऊनपिऊन सुखी आहेत." एवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. एकदा ती दोन वाट्या सोललेले भाजके शेंगदाणे घेऊन आली, म्हणाली, लेकीच्या उंदरांना द्या. ते शेंगदाणे आमच्याकडे चटणीत गेले. उंदरांचं खाणं ठरलेलं असतं आणि मी नियम पाळणारी बाई, असा माझा तेव्हा समज होता.

ती चटणी दोघींनी मिळून कुटताना तिने मला तिची यादी सांगितली. गरोदरपणात आपल्या हातून काय काय चुकलं त्याची यादी. सातव्या महिन्यात पुण्याहून लातूरला एसटीने गेली, रस्त्यात केवढे ते खड्डे. पपई खाल्ली, एकच फोड, पण खाल्ली. सर्दीची गोळी घेतली. आणि ग्रहण होतं त्या दिवशी नवऱ्याची शिफ्ट, त्याला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून दोडका चिरला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर महिन्यातून एकदा तरी फिरून फिरून त्या दोडक्यापाशी यायच्या. "तुला म्हणले होते मी, गिऱ्हाणात चिरू नको." शेजारीण हे सगळं रागाने सांगत नव्हती. किराणा सामानाची यादी वाचावी तसं सांगत होती, शेवटी एखादी वस्तू राहिली तर नाही ना, अशा काळजीने.

मी म्हटलं, "अगं, दोडक्याचा आणि जनुकाचा काडीचा संबंध नाही."

तिने मान हलवली. "पण डॉक्टर तर नक्की नाही म्हणायलेत ना ताई."

त्या "नक्की नाही"मध्ये तिचा दोडका, पपई आणि एसटी सगळं मावत होतं. तिला औषध हवं होतं असं नाही, औषध नाही हे तिला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आपल्यामुळे झालं की नाही, एवढंच तिला हवं होतं. आणि ते सांगण्याचं काम आमच्या उंदरांवर येऊन पडलं होतं.

त्या पावसाळ्यानंतर, म्हणजे देशातल्या पावसाळ्यानंतर, कारण इथे फक्त एसी गळतो, उंदीर वयात आले आणि पाहुण्याच्या चाचणीला नेमका दसऱ्याचा दिवस निघाला. आमच्या घरी दसऱ्याला ज्यावर पोट चालतं त्या सगळ्याची पूजा होते. माहेरी वडिलांच्या लेथ मशीनला हार असायचा, आईच्या शिलाई मशीनला असायचा. इथे मी गाडीला झेंडू घालते, लॅपटॉपला, मिक्सरला, इस्त्रीला हळदकुंकू लावते. नवऱ्याच्या हेल्मेटलाही लावते आणि तो ते प्लांटच्या गेटपाशी पुसतो. आजवर लॅब मात्र मी सोडलेली होती. त्या वर्षी नाही सोडली. आज आपल्या लेकीचे उंदीर बसणार, आणि ज्या खोक्यावर सगळं ठरणार त्याला साधं कुंकूही नाही, हे मला बरं वाटेना. कुंकू आणि अष्टगंध कालवून मी लॅबमधल्याच एका बोटभर प्लास्टिकच्या नळीत भरलं, टोपण लावलं, अगदी शास्त्रशुद्ध. टोपी, गाऊन, मास्क, मोजे, सगळं चढवून आत गेले. खोक्याला लावलं तर पुसलं जाईल, म्हणून पाहुण्याच्या टोपलीला आतून, वर, फडकं पोचत नाही तिथे बोट लावलं. पाहुण्याची टोपली नेहमी तीच असते, ओळखायला तिला निळी पट्टी असते. हात जोडले आणि म्हटलं, नीट होऊ दे. मग घड्याळ लावलं.

तीन दिवसांनी आमच्या प्रमुख बाईंनी आकडे उघडले. बाई सुदानच्या. उंच, शांत, आणि काही बिघडलं की आणखी शांत होणाऱ्या. त्या दिवशी त्या इतक्या शांत झाल्या की आम्ही खुर्च्या सरकवायच्या थांबलो. एकही उंदीर पाहुण्याकडे जात नव्हता. बदल असलेले जात नव्हते, ते ठीक. पण साधे उंदीरही जात नव्हते. सगळे एकजात माणूसघाणे. दोन्ही गट सारखेच वागले, याचा कागदावर अर्थ एकच निघतो, की त्या बदलाने काही होत नाही. म्हणजे दोष दुसरीकडे कुठेतरी. म्हणजे दोडका.

"उंदीर खोटं बोलत नाहीत," बाई म्हणाल्या. "आपल्याकडून काहीतरी झालंय."

मग शोधाशोध. एसीचा आवाज मोजला. दिवे मोजले. फरशी पुसायचं औषध बदललंय का ते विचारलं. शेवटी बाई म्हणाल्या, "वास. कुणाचा तरी वास आत जातोय." आणि सगळ्यांचे डोळे, अगदी सभ्यपणे, आमच्यातल्या कतारी मुलीकडे वळले. ती नुकतीच पीएच.डी.ला लागलेली. या लोकांच्या घरी बखूर जाळतात, सुगंधी धूपच तो, आणि बायका केसांना, अबाया म्हणतात त्या काळ्या झग्याला त्याची धुरी घेतात. ती अबाया बाहेर काढून ठेवायची, गाऊन घालायची, पण केसांना दरवळ राहायचाच. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "उद्यापासून नाही घेणार. आईला सांगते." त्या आठवड्यात तिच्या बहिणीचं लग्न होतं. लग्नघरात ती बखूर नको म्हणून सांगणार होती.

"वास" हा शब्द निघाला आणि मला टोपलीतलं कुंकू आठवलं. मला कळलं होतं. आणि तरी मी त्या दिवशी बोलले नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण नाही बोलले. नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसाचं काय, आत्या काय म्हणेल, असं सगळं मनात येऊन गेलं. मुकाट्याने पर्स उचलली आणि घरी आले.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी इतका हसला की त्याला ठसका लागला. "चुकलंच तुझं," म्हणाला. "दसऱ्याला देवी नेलीस आत. गणपती नेला असतास तर उंदीर आपल्या घरचं कार्य समजून वागले असते." मला हसू येईना, तेव्हा तो थांबला. म्हणाला, "उद्या सकाळी सांगून टाक. नाहीतर ती पोरगी बहिणीच्या लग्नात बिनवासाची बसेल ना."

सकाळी मी निळ्या पट्टीची टोपली घेऊन बाईंच्या खोलीत गेले आणि टोपली त्यांच्यापुढे उलटी धरली. त्यांनी टॉर्च लावला. आत लाल बोट ठसठशीत उमटलेलं. त्यांनी नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. दसरा, अवजारं, वडिलांचं लेथ मशीन, सगळं. इंग्रजीत ते सांगताना मला माझीच कीव आली.

"आणि काय मागितलंस?"

"निकाल नीट यावा म्हणून."

बाईंनी टॉर्च बंद केला. "मग येईल. आता सगळं पहिल्यापासून करायचं, म्हणजे नीट येईल. इन्शाल्ला." ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

रीतसर अहवाल मला लिहावा लागला. काय झालं, या रकान्यात मी लिहिलं: लाल सुगंधी भुकटी, धार्मिक हेतूने. कारणाच्या रकान्यापाशी बराच वेळ अडले आणि शेवटी "सवय" असं लिहिलं. कतारी मुलीची माफी मागितली. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने ती नळी मागून घेतली, हुंगली आणि म्हणाली, "यासाठी मला धुरी बंद करायला लावलीस? आमचा बखूर याच्यापेक्षा शंभरपट चांगला आहे." लग्नाच्या मिठाईचा डबा मात्र तिने सगळ्यांत आधी माझ्या टेबलावर ठेवला.

पण जे उंदीर एकदा या चाचणीला बसले ते पुन्हा चालत नाहीत. त्यांना खोका कळलेला असतो, पाहुणाही कळलेला असतो. नवी पिल्लं हवीत, ती दूध सोडायला हवीत, वाढायला हवीत. चार महिने तरी जाणार होते. आणि हे मला शेजारणीला सांगायचं होतं. निकाल सांगायला मनाई होती, माझा गाढवपणा सांगायला नव्हती. गुरुवारी तिने कुंपणापलीकडून विचारलं तेव्हा मी तिच्या घरी गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहून सांगून टाकलं. तुझ्या लेकीचं बरं व्हावं म्हणून मी कुंकू लावलं आणि त्यानेच घोळ झाला, आता थांबावं लागेल.

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. मला वाटलं आता रडेल किंवा बोलेल काहीतरी, आणि दोन्हीची माझी तयारी होती.

"तुमची चूक तीन दिवसांत सापडली की ताई," ती म्हणाली. "मी सहा वर्षं झाली माझी शोधायलेय."

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच माझा हेवा वाटला होता. मी तिथल्या तिथे खुर्चीवर बसले, आणि तिने ती पोळी भाजून माझ्यापुढे ठेवली, वर तूप. खाल्ल्याशिवाय तिने मला उठू दिलं नाही.

नवे उंदीर हिवाळा संपता संपता चाचणीला बसले. या वेळी मी आत जाताना कपाळाची टिकलीसुद्धा काढून ठेवत होते. कोणताच देव मी मदतीला बोलावला नाही, म्हणजे मोठ्याने नाही. बाईंनी आकडे उघडले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे होतो. साधे उंदीर पाहुण्याभोवती घोटाळले होते. बदल असलेले रिकाम्या टोपलीपाशी आणि पाहुण्यापाशी सारखेच, कशातच न रमता फिरले होते. बाकीच्या चाचण्यांतही तेच. "खलास," बाई म्हणाल्या, म्हणजे अरबीत 'झालं काम', आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या देशांतही असा बदल असलेली मुलं एव्हाना सापडली होती. ते सगळं एकत्र होऊन डॉक्टरांपर्यंत जायला आणखी काही महिने गेले, आणि तेवढे सगळे गुरुवार मी "खाऊनपिऊन सुखी आहेत" म्हणत काढले. एवढं खोटं मी लग्न जमवतानाही बोलले नव्हते.

मग एका शनिवारी दुपारी बेल वाजली. आदल्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात बोलावलं होतं, हे मला माहीत होतं. दारात शेजारीण, हातात घडी घातलेला कागद, आणि लेक. लेक माझ्या बाजूने सरळ आत गेली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"लई बोलले. इंग्लिशमध्ये बोलले, मग हिंदीत बोलले. ह्यांना कळलं, मला बी कळलं. मी थँक यू म्हणले." तिने कागद माझ्या हातात दिला. "आता तुम्ही मराठीत सांगा."

मी कागद वाचला. मी माझ्या कामात कधी कुणाला काही समजावून सांगितलेलं नाही. मी उंदीर बघते आणि आकडे लिहिते. मी तिला सोफ्यावर बसवलं आणि जमेल तसं सांगितलं.

"त्या बदलामुळेच झालंय. आता नक्की आहे. तो तुझ्याकडून आला नाही, त्याच्याकडून आला नाही. जीव धरला ना, तेव्हाच, अगदी सुरुवातीलाच तो आपोआप झाला. तू पपई खाल्लीस, एसटीत बसलीस, त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा तुला दिवस गेल्याचंही कळलेलं नव्हतं. तू काही केलं नाहीस."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मला नीट बोलता येईना, तेव्हा शेवटचं तेवढंच दोनदा म्हटलं. तू काही केलं नाहीस. ती रडली, आणि मग मीही रडले. आतून वॉशिंग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. लेक आता सात-आठ शब्द बोलते, पण बटणासाठी तिला कुणाची गरज उरलेली नाही.

शेजारणीने पदराने डोळे पुसले, फोन काढला आणि सासूबाईंना लावला. स्पीकर सुरू करून फोन माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला. "आई, शेजारच्या ताई बोलायल्यात. काय म्हणतात ते ऐका."

मला फार अवघड झालं. ज्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, ज्यांच्या दोडक्याचा मी मनातून दोन वर्षं राग केला, त्यांना हे तिसऱ्यांदा सांगायचं. तरी सांगितलं. सावकाश, कागद हातात धरून. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नवसानं बी नाही?"

शेजारीण फोनकडे बघतच राहिली.

"लेकरू होऊ दे म्हणून मी देवीला बोलले होते," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू झालं, अन् फेडायचं राहून गेलं. मला वाटायलं होतं, त्याचंच हे. कुणाला सांगू?"

शेजारणीने फोन टीपॉयवरून उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"नाही हो आई," ती म्हणाली. "तुम्ही काही केलं नाही."

मग तिने ते पुन्हा सांगितलं.